तीन चौक अलीकडे

२९ मार्च २०२५ला, शनिवारी, सॅन फ्रान्सिस्कोतल्या व्हॅन नेस रस्त्याच्या तीन चौक अलीकडे माझ्या धाकट्या भावानं गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, “ताई, इथून पुढे तुम्ही दोघी चालत जा. मी इथंच थांबतो.”

गाडी पांढरी मॉडेल वाय, टेस्लाची. आणि मी व माझी सोळा वर्षांची भाची निघालो होतो टेस्लाच्या शोरूमसमोरच्या टेस्लाविरोधी निदर्शनाला. भाचीनं पुठ्ठ्याचा फलक सबंध वाटभर मांडीवर पालथा धरला होता. सिग्नलला शेजारी थांबलेल्या माणसानं आधी फलक वाचायचा आणि मग गाडी बघायची, हे तिला नको होतं. बार्टनं, म्हणजे तिथल्या लोकलनं, आलो असतो तर हा प्रसंग टळला असता, असं मी म्हणाले. भाऊ हसला. त्यांच्या घराजवळचं स्टेशन वॉर्म स्प्रिंग्ज. ते टेस्लाच्या कारखान्याच्या कुशीतच आहे. “टेस्लाचं तोंड न बघता फ्रीमाँटमधून बाहेर पडता येत नाही,” तो म्हणाला.

शोरूमसमोर शे-सव्वाशे माणसं असतील. मला वाटलं होतं कॉलेजची पोरं असतील. पण निम्म्याहून अधिक साठी ओलांडलेले. घडीच्या खुर्च्या, थर्मास, उन्हाच्या टोप्या. आपल्याकडे एखाद्या बागेत सकाळी हास्यक्लब भरतो तसा मेळा. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून पाठिंबा देत होत्या. मधूनच एखादी टेस्ला यायची. तिचा चालक मान जराही न वळवता समोर बघत निघून जायचा, वर्गणी मागायला आलेल्या पोरांसमोरून काही लोक जातात तसा. त्या दिवशी असे जमाव अमेरिकेत आणि युरोपातही शेकडो ठिकाणी जमले होते.

मी मात्र समोरच्या फुटपाथवर उभी होते. माझ्या पासपोर्टात पाहुण्याचा शिक्का. चारच दिवसांपूर्वी बोस्टनजवळ एका तुर्की विद्यार्थिनीला तोंडं झाकलेल्या सरकारी माणसांनी भर रस्त्यात ताब्यात घेतलं होतं. तिनं वर्षभरापूर्वी कॉलेजच्या वृत्तपत्रात एक लेख लिहिला होता, एवढंच लोकांना ठाऊक होतं. लेख लिहिणं हा माझाही धंदा. तेव्हा भाची रस्त्याच्या त्या बाजूला, मी या बाजूला आणि भाऊ तीन चौक अलीकडे. आम्हा तिघांतलं अंतर ज्याच्या त्याच्या कागदपत्रांनी ठरवलेलं होतं. भाची तिथं जन्मलेली, म्हणून नागरिक. भाऊ एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डाचा त्याचा अर्ज २०१४चा आणि भारतीयांच्या त्या रांगेत २०२५ सालीही नंबर लागत होता तो २०१३च्या आसपासच्या अर्जांचा.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, वाहनखरेदीचा. नाश्त्याला श्रीखंड-पुरी खाताना विषय वाहनविक्रीचा निघाला.

एके काळी पुण्यात जशी लूना, तशी फ्रीमाँटात टेस्ला. हे गाव टेस्लाचंच. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा भागीदारीतला कारखाना इथं १९८४ ते २०१० चालला. तो बंद पडल्यावर टेस्लानं घेतला. मॉडेल एस, थ्री, एक्स, वाय, सगळ्या इथून निघाल्या. भावाच्या गल्लीतल्या चौदा घरांपैकी नऊ घरांसमोर टेस्ला उभ्या असतात; मी संध्याकाळी फिरताना मोजल्या. तीन मराठी, चार तेलुगू, उरलेली चिनी. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की पार्किंगमध्ये आपली पांढरी कुठली हे फोनवरून दिवे लुकलुकवून ओळखायचं. २०२३ साली मॉडेल वाय ही जगात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली. पेट्रोलच्या गाड्यांनाही मागे टाकून विजेच्या गाडीनं हे पहिल्यांदाच केलं.

भावानं ती घेतली २०२१मध्ये. तेव्हा ही गाडी म्हणजे सुशिक्षित, पर्यावरणाचं भान असलेल्या माणसाची खूण होती. कंपनी काढली मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी, २००३ साली. इलॉन मस्क पुढच्या वर्षी पैसे घेऊन आले आणि यथावकाश कंपनी म्हणजे तेच झाले. हे फार कुणाच्या ध्यानात नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. आपण स्कूटर घेताना मालकाचं राजकारण कुठे विचारतो?

मग ते विचारावं लागलं. ऑक्टोबर २०२२मध्ये मस्क यांनी ४,४०० कोटी डॉलरना ट्विटर घेतलं. जुलै २०२४मध्ये ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला आणि त्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून अधिक ओतले. २० जानेवारी २०२५ला, शपथविधीच्या दिवशी, व्यासपीठावर छातीवर हात मारून तो ताठ पुढे उगारला. नाझी सलाम म्हणून जगभर ओरड झाली. मस्क यांनी ती धुडकावली. पाचच दिवसांनी जर्मनीतल्या कडव्या उजव्या एएफडी पक्षाच्या सभेत ते पडद्यावरून बोलले. आणि मग डोज, म्हणजे सरकारी खर्चाला कात्री लावणारं ते खातं. हजारो नोकऱ्या ईमेलवर गेल्या. ११ मार्चला ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या अंगणात टेस्ला ओळीनं उभ्या करून एक लाल गाडी पसंत केली. तीनच दिवसांनी ॲरिझोनाचे सिनेटर मार्क केली यांनी आपली टेस्ला सोडत असल्याचं जाहीर केलं. मोटार म्हणजे टिळा झाला होता.

भारतीय माणसाची पंचाईत यात आणखी एका कारणानं. डिसेंबर २०२४मध्ये ट्रम्प यांच्याच गोटातले लोक भारतीयांवर आणि एच-वन-बीवर तुटून पडले, तेव्हा त्या व्हिसाच्या बाजूनं सगळ्यांत मोठ्यानं बोलले ते मस्क. “अडीअडचणीला आपल्या बाजूनं तोच एकटा उभा राहिला,” भाऊ म्हणाला. भाचीनं पुरी खाली ठेवली. फेब्रुवारीत डोजमधल्या एका तरुणाच्या जुन्या पोस्ट बाहेर आल्या होत्या. भारतीयांचा द्वेष ही सर्वमान्य गोष्ट व्हावी, असं त्यानं लिहिलं होतं. त्यानं राजीनामा दिला आणि मस्क यांनी त्याला परत घेतलं. “बाबा, हाही आपल्या बाजूनंच का?” श्रीखंड संपेपर्यंत पुढे कुणी बोललं नाही.

भाऊ अकाउंटंट नाही, पण बाप अकाउंटंट असलेल्या घरातला आहे. त्यानं वही काढली. दोनशे पानी, पुण्याहून नेलेली. एका पानावर ‘ठेवली तर’, दुसऱ्यावर ‘विकली तर’.

गाडी पडली होती कर वगैरे धरून ५७ हजार डॉलरना. कर्ज बहात्तर हप्त्यांचं, अजून १९ हजार बाकी. जुन्या गाड्या घेणाऱ्या तीन कंपन्यांच्या ॲपवर त्यानं नंबर टाकला. सगळ्यांत वरचा भाव २६ हजार. म्हणजे कर्ज फेडून हातात सात. यातला सगळा दोष राजकारणाचा नव्हे. नव्या मॉडेल वायची एक आवृत्ती जानेवारी २०२३मध्ये कंपनीनं ६५,९९० डॉलरवरून ५२,९९० वर आणली होती. नवीच स्वस्त झाली की जुनीला कोण विचारतो? राजकारणानं त्यावर मीठ चोळलं.

मला रस होता तो त्या वहीतल्या तिसऱ्या पानात. त्यावर एकच प्रश्न होता: ‘विकली तर त्याचं काय जातं?’ खाली उत्तरं खोडत, बदलत लिहिलेली. पहिलं उत्तर, काही नाही. गाडीचे पैसे २०२१मध्येच पोचले. जुनी गाडी विकली की ती दुसरा कुणीतरी घेतो आणि टेस्लाच चालवतो. दुसरं उत्तर, थोडंसं. महिन्याचे दहा डॉलर इंटरनेटचे आणि प्रवासातलं चार्जिंग. त्यापुढे बाण आणि पुन्हा फुली, कारण २०२४पासून फोर्ड, जनरल मोटर्स वगैरेंच्या गाड्याही टेस्लाच्या चार्जरवर लागू लागल्या. दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली तरी टाहो सरोवराला जाताना वाटेत पैसे मस्कलाच. तिसरं उत्तर वाचून मी मोठ्यानं हसले. ‘आपण मालक आहोत.’ टेस्ला डिसेंबर २०२०मध्ये एस अँड पी ५००मध्ये आली. भावाची निवृत्तीची पुंजी, तिथल्या बहुतेक नोकरदारांसारखीच, त्या निर्देशांकाच्या फंडात. म्हणजे रस्त्यावर ओरडणाऱ्या त्या आजी-आजोबांच्या पेन्शनीतही टेस्लाचा तुकडा असणार.

पर्यावरणाचा हिशेबही विकण्याच्या बाजूचा नव्हता. विजेच्या गाडीचं प्रदूषण बरंचसं बॅटरी बनतानाच होऊन जातं. मग ती जितकी वर्षं चालेल तितकं ते फिटतं. बॅटरीची हमी आठ वर्षांची. चार वर्षांची धडधाकट गाडी सोडून नवी घ्यायची म्हणजे निसर्गाच्या खात्यावर आणखी एक कर्ज.

भावजय एवढा वेळ भांडी लावत होती. ती म्हणाली, “ताई, तुम्हीच सांगा. गाडीचे हप्ते आपण भरतो. मग गाडी आपली की त्याची?” तिची काळजी वेगळी होती. लास व्हेगासमध्ये बाराच दिवसांपूर्वी टेस्लाच्या आवारात गाड्या पेटवल्या होत्या. त्यांच्या गल्लीच्या टोकाला एकाच्या गाडीवर कुणीतरी किल्लीनं हातभर ओरखडा काढला होता. किराणा आणायला ती आता दारापासून लांब, कॅमेऱ्याच्या खांबाखाली गाडी लावायची.

मला राहून राहून पुणं आठवत होतं. १९०५च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. लोकमान्य हजर होते आणि पुढाकार घेतल्याबद्दल सावरकरांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढलं, दहा रुपये दंडही केला. आमच्या आजोबांना ही गोष्ट फार प्रिय. ते स्वतः पुढच्या पिढीतले, खादीवाले. पण त्या होळीत माणसं अंगावरचा कोट टाकत होती. कोटावर हप्ते नव्हते. बहात्तर हप्त्यांच्या वस्तूची होळी कशी करायची, हे स्वदेशीच्या चळवळीनं सांगून ठेवलेलं नाही. आणि कोट टाकून माणूस घरी चालत जाऊ शकतो. कॅलिफोर्नियात मोटार टाकली की दूध आणायचीही पंचाईत.

तरीही बहिष्कार वाया गेला असं म्हणता येत नाही. २०२५च्या पहिल्या तीन महिन्यांत कंपनीनं जगभरात ३,३६,६८१ गाड्या दिल्या. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा तेरा टक्के कमी. सबंध वर्षाचा आकडा १६ लाख ३६ हजार, त्याआधीच्या वर्षी १७ लाख ८९ हजार होता. विजेच्या गाड्यांत चीनची बीवायडी पुढे गेली. मॉडेल वायचा नवा अवतार, वाढलेली स्पर्धा, ही कारणंही त्यात आहेत. पण मेअखेर मस्क सरकारी कामातून बाजूला झाले. नोव्हेंबरमध्ये मात्र भागधारकांनी त्यांना, अटी पुऱ्या झाल्यास, एक लाख कोटी डॉलरपर्यंतचा मोबदला देणारा ठराव पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर केला. तेव्हा जिंकलं कोण, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

एप्रिलमध्ये मी मेरीलँडला मावसबहिणीकडे गेले. तिनं टेस्ला विकली होती. वही न काढता. ती सरकारी आरोग्य संशोधनाच्या एका कंत्राटावर अकरा वर्षं काम करत होती; कपातीच्या लाटेत कंत्राट बंद झालं. “कार्यालयातलं सामान खोक्यात भरून आणलं आणि गाडीत ठेवलं. ड्रायव्हिंग सीटवर बसले, समोर तो ‘टी’. घरी येईपर्यंत ठरलं होतं.” किती नुकसान झालं, असं मी विचारलं. तिनं आकडा सांगितला नाही; नवऱ्यालाही सांगितलेला नाही म्हणाली.

तिनं ह्युंडाईची विजेची गाडी घेतली. मी पत्रकारी खोडीनं म्हटलं की, ह्युंडाईच्या अलाबामातल्या एका पुरवठादार कारखान्यात अल्पवयीन मुलं राबत असल्याचं २०२२ साली उघड झालं होतं. फोक्सवॅगन नाझी राजवटीत जन्मली आणि २०१५ साली डिझेलच्या धुराचे आकडे लपवताना सापडली. हेन्री फोर्डच्या वृत्तपत्रानं ज्यूंविरुद्ध वर्षानुवर्षं गरळ ओकली आणि १९३८मध्ये हिटलरच्या सरकारचं पदक त्यानं स्वीकारलं. मावसबहीण शांतपणे ऐकत होती. “हो ना,” ती म्हणाली. “पण त्यातल्या कुणी माझी नोकरी घालवली नाही.”

हे उत्तर मी विमानात बराच वेळ घोळवत होते. तोवर मी हा विषय नीतीचा समजत होते. मावसबहीण अमेरिकेची नागरिक आहे. तिनं मत दिलं होतं, हरली होती, सिनेटरला फोन केले होते. गाडी विकणं हे तिच्या रागातलं शेवटचं काम. भावाचं उलट. अमेरिकेत सोळा वर्षं कर भरून त्याला मत नाही. सिनेटरला फोन करताना नाव सांगायला तो कचरतो. त्याच्याकडे बोलायला एकच जागा उरते: त्याचा खिसा. म्हणून गाडीचा निर्णय त्याला एवढा जड जात होता. त्यावर त्यानं आपलं न दिलेलं प्रत्येक मत लादलं होतं.

मे महिन्यात त्यानं मधला मार्ग काढला. मस्क वेडे आहेत हे कळण्याआधी ही गाडी घेतली आहे, अशा अर्थाचे स्टिकर तिथं सर्रास मिळतात. स्टिकर कायमचा, ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोण बघेल सांगता येत नाही. म्हणून त्यानं चुंबकवाला मागवला. सोमवारी काढायचा, शुक्रवारी लावायचा. पाकीट आलं, आम्ही चौघं गाडीमागे जमलो, भावानं तो बंपरला लावला आणि तो खळकन खाली पडला. बंपर प्लास्टिकचा. दोघं इंजिनियर, एक विज्ञानाची विद्यार्थिनी आणि एक पत्रकार, कुणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. भाची डांबरावर बसून हसली. चुंबक फ्रिजवर गेला आणि त्यानं कालनिर्णय धरून ठेवायचं काम पत्करलं.

ऑगस्टमध्ये गाडी बदलायचा निर्णय झाला आणि तो सरकारनं घडवला. विजेच्या गाडीवरची साडेसात हजार डॉलरची सवलत ३० सप्टेंबरला संपणार होती. कारपूल लेनमध्ये एकट्यानं जायची मुभा देणारा स्टिकरही त्याच दिवशी रद्द होणार होता. नवरा-बायकोचं उत्पन्न मिळून तीन लाखांच्या वर असेल तर विकत घेणाऱ्याला सवलत नव्हती, पण लीजवर घेतली की ती कंपनीला मिळे आणि कंपनी ती हप्त्यात वळती करे. ही फट बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, प्रत्येक मराठी घराला तोंडपाठ होती. दुसऱ्या एका कंपनीची गाडी ठरली. रंग भाचीनं निवडला, हिरवा.

भावजय म्हणाली, “पितृपक्षात नाही हं.” पितृपक्ष २१ सप्टेंबरपर्यंत. दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे सवलत गेल्यावर दोन दिवसांनी. मुहूर्ताची किंमत साडेसात हजार डॉलर. तिनं कालनिर्णयावर ३० तारखेला लाल गोल केला आणि घटस्थापनेनंतर सही करायचं ठरलं.

१९ सप्टेंबरला, शुक्रवारी दुपारी, भावाचा फोन वाजायला लागला आणि थांबेना. एच-वन-बीवर एक लाख डॉलरचं शुल्क. शनिवारी मध्यरात्रीपासून लागू. सुरुवातीचे काही तास ते कुणाला लागू, कुणाला नाही, हे कुणालाच कळत नव्हतं. ऑफिसच्या वकिलांचा ईमेल आला: देशाबाहेर असाल तर लगेच परता, आत असाल तर बाहेर जाऊ नका. भारतात सुट्टीवर आलेले लोक मिळेल त्या विमानानं निघाले. दुसऱ्या दिवशी खुलासा झाला की हे फक्त नव्या अर्जांना आहे. पण शुक्रवारची रात्र होऊन गेली होती. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर वही उघडीच होती आणि भाऊ लीजचा कागद वाचत होता. छत्तीस महिने. “ताई,” तो म्हणाला, “छत्तीस महिने मी इथं असेन का, हेच मला माहीत नाही.”

२१ तारखेला, सर्वपित्री अमावस्येला, मी परतीच्या विमानात बसले.

मुंबईत उतरल्यावर आठवडाभरानं वांद्रे-कुर्ला संकुलातल्या टेस्लाच्या दालनात डोकावले. ते १५ जुलैला मुख्यमंत्री फडणवीसांच्या हजेरीत उघडलं आणि पहिली गाडी परिवहनमंत्री प्रताप सरनाईकांनी घेतली. आयात शुल्कासह मॉडेल वाय तेव्हा ५९ लाख ८९ हजारांपासून पुढे होती. मी अर्धा तास उभी होते. रेंज किती, चार्जर कुठे, मागच्या सीटवर गुडघे आपटतात का, खड्ड्यांत खालून लागेल का, सगळं विचारलं गेलं. मस्क यांचं नाव एकदाच निघालं. सेल्फी काढणाऱ्या एका तरुणानं मित्राला विचारलं, “इलॉन कधी येणारे रे इकडे?”

दसऱ्याला फ्रीमाँटहून व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिथं सकाळ होती. पुण्यात रात्र, आई आणि मी सोनं वाटून नुकत्याच घरी आलो होतो. भावजय कुंकू आणायला फोन घेऊन आत गेली. फ्रिजवर कालनिर्णयाचं पान उलटलेलं होतं आणि चुंबक जिथल्या तिथं. बाहेर भाऊ घाम पुसत होता. विजेच्या गाडीला समोर जाळी नसते, त्यामुळे झेंडूचा हार अडकवायला जागाच नाही. शेवटी त्यानं तो पॅकिंगच्या टेपनं चिकटवला आणि तो बरोबर त्या ‘टी’वर लोंबत राहिला. भाचीला शिकाऊ परवाना मिळाला होता. तिनं गाडी हलकेच मागे घेतली. दोन लिंबं फुटली, दोन घरंगळली.

आईनं चष्मा नाकावर सरकवून फोन जवळ घेतला. “अरे, नवी घेणार होतास ना? ही तर पांढरीच दिसतेय.”

“नवीच आहे गं आई,” भाऊ म्हणाला. “कालच धुतली.”